पहिल्या प्रशिक्षण सत्रात विसाव्या मिनिटाला वर्ग थंड का पडतो : निदान आणि दुरुस्ती

एखाद्या कामात हातखंडा असलेल्या माणसाला एके दिवशी सांगितले जाते, की येत्या पंधरवड्यात हे काम इतर सहकाऱ्यांना शिकवायचे आहे. तो मनापासून तयारीला लागतो, रात्री जागून स्लाइड तयार करतो, आणि प्रत्यक्ष सत्रात पहिली पंधरा-वीस मिनिटे बरी जातातही; पुढे मात्र खोलीतील हवाच बदलते. माना डोलत राहतात, पण नजरा ठरत नाहीत, मोबाइल आधी मांडीवर आणि मग उघड उघड टेबलावर येतो, ‘काही प्रश्न?’ असे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात. शेवटचा एक तृतीयांश भाग घड्याळाकडे बघत उरकला जातो. आणि अभिप्रायाच्या कागदावर ‘छान झाले’ असे लिहून मंडळी निघून जातात. आठवड्याने त्यांच्यापैकीच कोणीतरी फोन करून नेमका तोच प्रश्न विचारतो, ज्याच्या उत्तरासाठी सत्रात तीन स्लाइड खर्ची पडलेल्या असतात.

या बिघाडाचे खरे लक्षण म्हणजे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रातही तसाच उद्भवतो. दरम्यान प्रशिक्षकाने स्वतःच्या परीने दुरुस्ती केलेली असते : आवाज थोडा चढवलेला असतो, दोन विनोद पेरलेले असतात, स्लाइडवरचे रंग बदललेले असतात. तरीही विसाव्या मिनिटाच्या आसपास वर्ग पुन्हा थंड पडतो, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असते. माझ्या पाहण्यात हा बिघाड बहुतेक वेळा बोलण्याच्या ढंगात नसतो; तो तयारीच्या क्रमात असतो. तयारी स्लाइडपासून सुरू होते आणि शिकणाऱ्याने नंतर काय करून दाखवायचे हा विचार शेवटी येतो, किंवा येतच नाही. हा क्रम उलटा केल्याशिवाय इतर उपाय टिकत नाहीत, म्हणून पुढील विवेचनाचा बराचसा भाग सत्राच्या आधीच्या दिवसांविषयी आहे.

आधी काही समजुती बाजूला ठेवाव्यात

पहिल्यांदा शिकवणाऱ्याला सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते आणि त्या सल्ल्यांत काही आकडे हमखास ऐकू येतात. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के, हा त्यांतला सर्वांत लाडका आकडा. तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आलेला आहे. परंतु ते प्रयोग सुटे शब्द आणि त्यांतून व्यक्त होणारी आवड-नावड यांच्यापुरते मर्यादित होते. हिशेबाचा तक्ता कसा तयार करावा हे समजावताना शब्दांचे महत्त्व ७ टक्के उरते, असे त्यातून मुळीच निघत नाही. दुसरा आकडा ‘वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के लक्षात राहते’ हा. तो शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो, पण त्यांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवण्यासाठी मांडलेल्या मूळ शंकूच्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कोणीतरी चिकटवली.

हे सांगण्याचे कारण केवळ चुका काढणे हे नाही. अशा आकड्यांवर विश्वास ठेवणारा नवा प्रशिक्षक हातवारे, उभे राहण्याची पद्धत आणि पोशाख यांच्या चिंतेत तयारीचे मोलाचे तास घालवतो. त्या गोष्टींना किंमत आहे, पण थंड पडलेला वर्ग त्या तापवू शकत नाहीत.

मूळ बिघाड : जाणकाराला न दिसणारी दरी

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणे ओळखायचे, असे ठरले. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण चाल घुमत असते; ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते.

पहिल्यांदा शिकवणारा माणूस हाच ठेका वाजवत असतो. त्याला विषय इतका अंगवळणी पडलेला असतो, की मधल्या चार पायऱ्या त्याला पायऱ्या वाटतच नाहीत. मी स्वतः पहिले सत्र घेतले ते स्प्रेडशीटमधील पिव्होट टेबलवर, म्हणजे कच्च्या नोंदींवरून गटवार बेरजांचा तक्ता तयार करून देणाऱ्या सोयीवर, आणि त्यासाठी मी ८४ स्लाइड तयार केल्या होत्या. पिव्होट टेबलचे सगळे पर्याय त्यांत होते, गणना-क्षेत्रे होती, आलेख होते. समोरच्यांची अडचण मात्र त्याच्या कितीतरी अलीकडे होती : त्यांच्या माहितीच्या तक्त्यात एका रकान्याला शीर्षकच नव्हते, काही घरे एकत्र जोडलेली होती, आणि अंक मजकूर म्हणून साठवलेले असल्यामुळे बेरजेऐवजी नोंदींची नुसती मोजदाद येत होती. या तीन गोष्टी माझ्या एकाही स्लाइडवर नव्हत्या, कारण माझ्या स्वतःच्या फायलींत त्या चुका कधीच नसत. मी कळस रंगवत होतो आणि पाया भरायचा राहिला होता.

वर्ग कंटाळतो तो विषय रुक्ष असल्यामुळे, असे आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा तो कंटाळत नसून मागे सुटलेला असतो. दहाव्या मिनिटाला एक शब्द कळला नाही, पंधराव्या मिनिटाला त्या शब्दावर उभी असलेली पुढची गोष्ट कळली नाही, आणि विसाव्या मिनिटाला ऐकत राहण्यात काही हशील उरले नाही. चारचौघांत ‘मला कळले नाही’ म्हणण्यापेक्षा मोबाइल काढणे सोपे असते. विनोदाने ही दरी बुजत नाही, हे एकदा लक्षात आले की दुरुस्ती कुठून सुरू करायची ते कळते.

दुरुस्तीची सुरुवात : एक वाक्य आणि तीन फायली

स्लाइडचे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एका कागदावर एक वाक्य लिहावे : ‘सत्र संपल्यावर प्रत्येक जण मदतीशिवाय अमुक एक गोष्ट करून दाखवील.’ या वाक्यातील क्रियापद डोळ्यांना दिसणारे असले पाहिजे. ‘पिव्होट टेबलची माहिती होईल’, ‘महत्त्व समजेल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही वाक्ये ऐकायला भारदस्त वाटतात, पण ती झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. ‘स्वतःच्या विभागाच्या कच्च्या नोंदींवरून महिनावार बेरजेचा तक्ता १० मिनिटांत तयार करील’ हे वाक्य तपासता येते. माझ्या अनुभवात या एका वाक्यावर नवे प्रशिक्षक सर्वांत कमी वेळ घालवतात, आणि पुढची निम्मी अडचण तिथेच जन्माला येते.

वाक्य लिहून झाल्यावर समोर बसणार असलेल्यांपैकी दोघा-तिघांना सत्राच्या आठवडाभर आधी गाठावे. ‘तुम्हाला काय शिकायला आवडेल?’ हा प्रश्न विचारू नये, कारण जे ठाऊकच नाही ते मागता येत नाही आणि उत्तरे गुळमुळीत मिळतात. त्याऐवजी ‘हे काम तुम्ही सध्या कसे करता ते मला करून दाखवाल का?’ असे विचारावे आणि गप्प बसून पाहावे. त्यांच्या दोन-तीन खऱ्या फायली, त्यांतील गोपनीय मजकूर वगळून, मागून घ्याव्यात. माणूस कुठे अडतो, कुठली कळ शोधतो, कुठे हाताने बेरीज करून वेळ काढतो, हे अर्ध्या तासात दिसते, आणि सत्राचा आराखडा आपोआप आकार घेऊ लागतो. शिवाय सत्राच्या दिवशी त्या दोघा-तिघांचे चेहरे ओळखीचे असतात, हा फायदा लहान नाही.

रात्र थोडी, सोंगे फार

पहिल्या सत्रात आशय नेहमीच जास्त होतो. त्यामागे अर्धी कळकळ असते आणि अर्धी भीती, की मध्येच मुद्दे संपले तर काय करायचे. प्रत्यक्षात मुद्दे वेळेआधी संपल्याचे मी क्वचितच पाहिले आहे, आणि वेळ आधी संपल्याचे मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी.

कपात कशी करावी, याला एक ढोबळ पण उपयोगी हिशेब आहे. सत्र ९० मिनिटांचे असेल तर स्वतःच्या बोलण्यासाठी ४० मिनिटे धरावीत. उशिरा येणारे, जोडणीचे घोळ आणि ओळख यांत १० मिनिटे जातात; करून पाहण्यासाठी निदान ३० मिनिटे लागतात; उरलेली १० मिनिटे कुठेही न बांधता राखीव ठेवावीत, कारण ती कुठेतरी लागतातच. चाळीस मिनिटांत तीन, फार तर चार मुद्दे नीट बसतात. मनुष्य एका वेळी मनात खेळवू शकतो अशा गोष्टींची संख्या मुळातच मर्यादित असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सातच्या आसपास मांडली होती आणि नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती सुमारे चारपर्यंत खाली आणली. अनोळखी संज्ञा, अनोळखी पडदा आणि अनोळखी कृती या तिन्ही एकाच वेळी समोर आल्या, तर ही जागा पहिल्या पाच मिनिटांतच भरते.

वगळायचे काय, हे ठरवताना प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारावा : हा काढला तर कागदावरचे ते वाक्य खोटे ठरेल का? ठरत नसेल, तर तो मुद्दा कितीही देखणा असला तरी टिपणात जातो. मला माझ्या ८४ स्लाइडपैकी ६६ अशा बाहेर काढाव्या लागल्या, आणि खरे सांगायचे तर प्रत्येक वेळी जीव थोडा हळहळला. काढलेला मजकूर वाया जात नाही. सत्रानंतर द्यायच्या टिपणात तो घालता येतो, आणि ज्याला हवा तो वाचतो.

नमनाला घडाभर तेल

स्वतःची ओळख, विभागाचा इतिहास, आजच्या सत्राची रूपरेषा, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती, आणि त्यानंतर विषयाची व्याख्या, अशी सुरुवात रूढ आहे. श्रोत्यांचे लक्ष सर्वांत ताजे असते ती दहा मिनिटे त्यात खर्ची पडतात. त्याऐवजी पहिल्या दोन मिनिटांत समोरच्याची स्वतःची अडचण पडद्यावर आणावी. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी त्यांच्याच नोंदींची फाइल उघडली, ती तशीच वापरून पिव्होट टेबल तयार केले, आणि बेरजेच्या जागी मोजदाद आलेली दाखवून विचारले, ‘हे असे का आले असेल?’ तीन जण एकदम बोलले. त्यांतली दोन उत्तरे चूक होती, आणि त्याने काहीच बिघडले नाही. वर्ग आता उत्तराची वाट पाहत होता. ओळख त्यानंतर एका वाक्यात करून दिली, तरी कोणाला काही कमी वाटले नाही.

सत्राची पहिली चार वाक्ये मात्र शब्दशः पाठ असावीत. बाकीचे पाठ करू नये, कारण पाठांतर एका शब्दाला अडखळले की पूर्ण थांबते. पण सुरुवातीला तोंडाला कोरड पडलेली असते आणि तेव्हा जीभ आपोआप चालावी लागते.

स्लाइड

स्लाइडविषयी थोडक्यात सांगता येते. पडद्यावर जे लिहिले आहे तेच प्रशिक्षक वाचून दाखवू लागला, तर समोरचा माणूस त्याच्या आधी वाचून मोकळा होतो आणि मग दोन प्रवाहांच्या ओढाताणीत दोन्ही सोडून देतो. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि बोलणे यांच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावर लिहून दिला, तेव्हा शिकणे सुधारण्याऐवजी बिघडले. म्हणून पडद्यावर चित्र, आकृती किंवा खरी फाइल ठेवावी आणि शब्द तोंडाने सांगावेत. ज्याला सविस्तर मजकूर हवा आहे त्याच्यासाठी टिपण वेगळे करावे. स्लाइड आणि टिपण एकाच फाइलने भागवण्याचा मोह दोन्हींचे नुकसान करतो.

‘काही प्रश्न?’ आणि त्यानंतरची शांतता

या एका लक्षणाकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे, कारण नवा प्रशिक्षक त्याचा अर्थ हमखास चुकीचा लावतो. प्रश्न नाहीत म्हणजे सगळ्यांना समजले, असे तो धरून चालतो. शांततेचा अर्थ बहुधा याच्या उलट असतो : प्रश्न विचारण्याइतकेही ज्याला कळलेले नाही तो गप्प बसतो, आणि वरिष्ठ त्याच खोलीत बसलेले असतील तर ज्याला थोडेफार कळले आहे तोही गप्प बसतो.

दुरुस्तीचा पहिला भाग वेळेचा आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असे आढळले. तो वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली, अधिक विद्यार्थी बोलू लागले आणि ‘माहीत नाही’ असे म्हणणे कमी झाले. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण समोर उभे राहून गप्प राहायचे असते तेव्हा ते युगासारखे वाटतात. मी मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजतो, आणि तेवढ्यात पाण्याचा घोट घेतो, म्हणजे थांबणे अवघडलेले दिसत नाही.

दुसरा भाग प्रश्नाच्या घडणीचा आहे. ‘कळले का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर असते. त्याच्या जागी निर्णय करायला लावणारा प्रश्न ठेवावा. उदाहरणार्थ, दोन तक्ते शेजारी शेजारी दाखवून ‘यांपैकी कोणत्या तक्त्यावर पिव्होट टेबल चालणार नाही, आणि का?’ असे विचारावे. आधी प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहावे, मग शेजाऱ्याला दाखवावे, आणि त्यानंतरच मोठ्याने बोलावे. लिहिण्याच्या त्या एका मिनिटात लाजाळू माणसालाही स्वतःचे उत्तर सापडते, आणि शेजाऱ्याशी बोलताना चुकण्याची भीती निम्म्याने कमी होते. कोणाचे नाव घेऊन अचानक प्रश्न विचारण्याची पद्धत मी प्रौढांच्या वर्गात वापरत नाही. एक माणूस ओशाळला, की बाकीचे दहा जण स्वतःला मिटून घेतात.

चुकीच्या उत्तराचे काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. ‘नाही, चूक’ असे म्हणून पुढच्याकडे वळल्यास पुढची उत्तरे थांबतात, आणि चुकीला ‘बरोबर आहे, पण…’ असे गोंजारल्यास वर्गाला खरे काय ते कळत नाही. ‘असे केले तर काय होईल, आपण पाहू या’ असे म्हणून ते उत्तर पडद्यावर करून दाखवणे हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. चूक माणसाकडून तक्त्याकडे सरकते आणि सगळे मिळून तक्ता दुरुस्त करतात.

आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकालाच आले नाही तर? ‘मला आत्ता खात्रीने सांगता येणार नाही, उद्या दुपारपर्यंत कळवतो’ असे म्हणून प्रश्न सर्वांच्या देखत लिहून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर खरोखर पाठवावे. अंदाजाने दिलेले उत्तर वर्गातच खोटे पडले, तर उरलेल्या सत्रावरचा विश्वास उडतो.

करून पाहणे मध्ये हवे, शेवटी नव्हे

बरेच जण सराव शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवतात, आणि वेळ कमी पडला की नेमका तोच कापला जातो. एक मुद्दा सांगून झाला की लगेच त्याचा सराव, मग दुसरा मुद्दा, अशी वीण घातली तर दर दहा-बारा मिनिटांनी वर्गाचे हात चालू लागतात. सरावासाठी फाइल सर्वांना एकच द्यावी आणि तिच्यात मुद्दाम चूक पेरून ठेवावी. माझ्या फाइलमध्ये तारखांच्या रकान्यात दोन तारखा मजकूर म्हणून लिहिलेल्या असतात, त्यामुळे महिनावार गट नीट पडत नाहीत आणि कारण शोधावे लागते.

सत्राच्या अखेरीस प्रशिक्षकानेच मुद्दे पुन्हा वाचून दाखवण्याची पद्धत आहे, तिच्याऐवजी तेच काम शिकणाऱ्यांकडे द्यावे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, उतारा न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचून ‘आता मला येते’ असा भास लवकर निर्माण होतो, आणि तो आठवड्याभरात विरतो. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत कोरा कागद देऊन ‘आज केलेल्या पायऱ्या न पाहता लिहा’ एवढेच सांगावे.

छातीतली धडधड

भीती हा वेगळा बिघाड आहे, पण ती याच सत्रात येते. समोरच्यांना आपला थरथरणारा हात आणि आपली घालमेल स्पष्ट दिसते आहे, असे बोलणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांना त्यातले फार थोडे दिसते. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवले, की केवळ ही गोष्ट आधी सांगितल्यानेही बोलणाऱ्यांची भाषणे सुधारली. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली. शरीराची धडधड दोन्हींत सारखीच असते, त्यामुळे तिला दाबण्यापेक्षा तिचे नाव बदलणे सोपे जाते.

मात्र भीती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रंगीत तालीम, आणि ती मनात न करता उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावी. मनातल्या तालमीत आपण कधीच अडखळत नाही, म्हणून ती वेळही खोटी सांगते आणि कच्चे दुवेही लपवते. एकदा एकट्याने आणि एकदा विषय न जाणणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसासमोर, अशा दोन तालमी पुरतात. त्या माणसाला एकच काम द्यावे : जिथे शब्द कळणार नाही तिथे हात वर करायचा. माझ्या तालमीत तो हात पहिल्या सहा मिनिटांत चार वेळा वर झाला होता.

यंत्रांचे घोळ

यंत्रे ऐन वेळी दगा देतात हे गृहीत धरून अर्धा तास आधी खोलीत पोहोचावे. फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि पीडीएफ स्वरूपात अशी तिहेरी ठेवावी. मराठी मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच टाइप केलेला असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. सर्वांत मागच्या खुर्चीवर स्वतः बसून अक्षरे वाचून पाहावीत. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की परत येतो. चर्चा चालू असताना पडद्याशी स्पर्धा नको असेल तेव्हा तिचा फार उपयोग होतो. स्लाइडचा क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबले की थेट त्या स्लाइडवर जाता येते, त्यामुळे मागची आकृती पुन्हा दाखवण्यासाठी सगळ्या स्लाइड उलट्या पळवाव्या लागत नाहीत.

सत्र चालू असतानाच वर्ग थंड पडला तर

इतकी तयारी करूनही हे होऊ शकते, आणि तेव्हा वेग वाढवणे ही सर्वांत सामान्य चूक असते. उलट थांबावे, पडदा काळा करावा आणि एक लहान कृती द्यावी : ‘आतापर्यंतच्या पायऱ्यांपैकी जी सर्वांत धूसर वाटते ती एका ओळीत लिहा.’ चिठ्ठ्या गोळा करून त्यांतली जी अडचण वारंवार आली असेल तिथे परत जावे, आणि त्यासाठी पुढचा एक मुद्दा मोकळ्या मनाने सोडून द्यावा. तो मुद्दा येणार होता, हे वर्गाला ठाऊक नसते. त्याबद्दल क्षमा मागत बसण्याची गरज नाही. वेळ संपत आली असेल तर स्लाइड पळवू नयेत; शेवटचा सराव राखावा आणि मधले काहीतरी गाळावे.

एक परिस्थिती अशी आहे जिथे यातले थोडेच चालते. ज्यांना आदेशाने बसवले आहे आणि ज्यांच्या रोजच्या कामाशी विषयाचा संबंधच नाही, असा वर्ग कोणत्याही युक्तीने रंगत नाही, आणि तो दोष पहिल्यांदा शिकवणाऱ्याने स्वतःवर घेऊ नये. सत्र ठरवणाऱ्यांशी आधीच बोलून उपस्थितांची यादी लहान करून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. वीस जणांऐवजी ज्यांना गरज आहे असे नऊ जण मिळाले, तर सत्राचे रूप पालटते.

दुरुस्ती झाली की नाही हे कसे ओळखावे

अभिप्रायाच्या कागदावरून ते कळत नाही. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्यांच्या पद्धतीत शिकणाऱ्यांची प्रतिक्रिया ही केवळ पहिली पातळी आहे. त्यानंतर प्रत्यक्ष शिकणे, कामातील वर्तन आणि अंतिम परिणाम येतात. पहिल्यांदा शिकवणाऱ्याने चारही पातळ्यांच्या मागे लागण्याची आवश्यकता नाही, पण तिसरी पातळी स्वस्तात तपासता येते. दोन आठवड्यांनी तीन-चार जणांकडे जाऊन, सुरुवातीला कागदावर लिहिलेली ती कृती त्यांच्या स्वतःच्या ताज्या फाइलवर करून दाखवायला सांगावी आणि पुन्हा गप्प बसून पाहावे. माझ्या दुसऱ्या सत्रानंतर चौघांपैकी तिघांना तक्ता जमला; चौथ्याचा तक्ता बरोबर होता, पण नवीन नोंदी घातल्यावर तो आपोआप बदलत नाही आणि रिफ्रेश करावा लागतो, हे मी सांगायलाच विसरलो होतो. ती पायरी आता माझ्या स्लाइडवर तिसऱ्या क्रमांकावर आहे.